उपसलेली विहीर

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याने कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली आणि परत माझ्या पाटीत टाकली.

"राव, ही घालून डाळ केली तर कामगार म्हणतील, आचाऱ्याने डाळीत स्टोव्ह सांडला."

मी जुडी हुंगली. मला कोथिंबिरीचाच वास आला. मग मी तापलो. म्हणालो, जन्म भट्टीपुढे काढलास, घासलेट तुझ्या नाकात भरलंय, माझ्या भाजीत नाही. तो थंड डोक्याचा माणूस होता. त्याने गेटवरच्या पहारेकऱ्याला हाक मारली आणि काही न सांगता जुडी त्याच्या हातात दिली. पहारेकऱ्याने ती नाकाशी नेली, झटकन लांब धरली आणि मला विचारलं, "ट्रकच्या टाकीवर ठेवून आणली काय?"

पाटी तशीच सायकलला बांधून परत आणली. बायको म्हणाली, "होळीपासून सांगतेय, हौदातलं पाणी हाताला तेलकट लागतंय. तुमच्या कानात शिरेल तेव्हा ना."

ज्या पाण्यात रोज हात असतात त्याचा वास आपल्याला येईनासा होतो, हे मला तेव्हा कळलं. आचारी मात्र भला. तो म्हणाला होता, कॅन्टीनच्या भाजीच्या ठेक्याचं वर्ष जूनमध्ये बदलतं, त्याआधी वास गेला तर तुझी भाजी चालू, नाहीतर साहेब दुसरा बघतील. कॅन्टीन गेलं असतं तर माझं सगळं गेलं असतं, कारण बाकीची भाजी मी किरकोळ विकायचो, संसार चालायचा तो त्या एका गेटवर.

मी मूळचा निघोज्याकडचा. वाट्याला जमीन आली नाही म्हणून चाकणच्या बाजारात दुसऱ्यांच्या कांद्याचे सौदे करायला उभा राहिलो. सौदा करताना तोंडावर काही दिसू द्यायचं नाही आणि समोरचा बोलायचा थांबेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, हे तिथे शिकलो. पहिलं जमलं. दुसरं मला आयुष्यभर नीट जमलं नाही. पुढे चिंचवड-आकुर्डीकडे एकामागून एक कारखाने उभे राहिले. इतक्या माणसांना रोज जेवायला लागणार, हे ओळखून मी रस्त्याकडेचं एक रान खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेतलं आणि पालेभाजी लावली. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता.

रान आबांचं. आबा म्हणजे गावातलं जुनं घराणं. त्यांची बरीच जमीन कारखान्यांत गेली होती. उरला होता हा तुकडा आणि त्यातली विहीर. घडीव दगडात बांधून काढलेली, उतरायला पायऱ्या, आबांच्या वडिलांच्या हातची. गावात लग्न असो की सरकारी माणूस येवो, प्यायला पाणी आबांच्या विहिरीचं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आबा विहीर उपसायचे. भावकीतले गडी आत उतरून गाळ काढायचे, दगड घासायचे, मग नारळ फुटायचा. माझा खंड एकदा थकला असता तर आबांनी ऐकून घेतलं असतं, पण विहिरीच्या कठड्यावर कोणी चप्पल घालून चढलेलं त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

विहिरीच्या पूर्वेला भिंत होती आणि भिंतीपलीकडे एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचं यार्ड. त्याने ट्रकसाठी डिझेलची टाकी जमिनीत पुरली होती, अगदी भिंतीला लागून. विहिरीच्या पश्चिमेला माझं पाणी उपसायचं इंजिन. तेही डिझेलवरच चालायचं.

भाजी परत आली त्या दुपारी मी विहिरीतून घागर ओढली आणि उन्हात धरली. पेट्रोल पंपापुढच्या डबक्यावर दिसतात तसे रंग पाण्यावर फिरत होते. मी भिजल्या हातांनीच शेठकडे गेलो. तो ओट्यावर बसून ड्रायव्हरांना झापत होता. डिझेल कमी भरतंय, तुमच्यातलाच कोणीतरी विकतोय, असं त्याचं त्या महिन्यांत रोजचंच चाललेलं असे. टाकीच्या झाकणाला त्याने साखळी-कुलूपसुद्धा लावलं होतं.

मी म्हणालो, "शेठ, तुमची टाकी गळतीय. माझी भाजी वासाने परत आली."

"भाजीशेठ, तुमच्या विहिरीच्या काठावर इंजिन कोणाचं? ते काय गुलाबपाणी पितं?"

ड्रायव्हर हसले. शिव्या खाऊन बसलेल्यांना हसायला कारण मिळालं होतं. माझा आवाज चढला, त्याचा चढला. शेवटी त्याने हात वर केला आणि म्हणाला, "सौदा करा. विहिरीच्या पाण्यात सरकारी लॅबने तेल दाखवलं, तर टाकी उकरून काढतो आणि माझ्या नळाची लाइन भिंतीतून तुम्हाला देतो. नाही दाखवलं, तर पुन्हा ह्या ओट्यावर चढायचं नाही."

मी टाळी दिली. पाण्यावरचे रंग मी डोळ्यांनी पाहिले होते. सौदा फसेल असं मला कुठूनही दिसत नव्हतं.

पुण्याच्या पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज केला. विहीर आबांच्या नावावर म्हणून उत्तराचं कार्ड आबांच्या नावाने आलं: गुरुवारी विहिरीच्या पाहणीसाठी कार्यालयाच्या रसायनतज्ज्ञ बाई येतील. गुरुवार, कारण वीज वाटून घ्यायची म्हणून आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी असायची आणि रस्त्याला गर्दी नसायची. कार्ड आबांकडे राहिलं. बुधवारी मी मंडईत बियाणं आणायला गेलो.

परत येताना लांबूनच माझ्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. त्या वेळी ते चालायचं काहीच कारण नव्हतं. जवळ गेलो तर पाणी पाटातून ओढ्याकडे धो धो चाललं होतं. विहिरीत आबांची भावकी उतरली होती. कोणी पाटीने गाळ वर देत होता, कोणी नारळाच्या शेंड्यांनी दगड घासत होता. आबा काठावर बाज टाकून देखरेखीला बसले होते. शेजारी पाण्यातले जंतू मारायच्या टीसीएल पावडरचा डबा होता आणि कठड्याला चुना ओढून झाला होता.

"आबा, हे काय चाललंय?"

"उद्या सरकारी मानसं येनार हायती. त्यास्नी घान हीर दाखवायची व्हय?"

"आबा, घाणच दाखवायची होती."

"आन् मग गावात त्वांड कुठं दाखवू?"

त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. विहिरीतले गडी थांबून वर बघायला लागले. आबांनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "लेकरा, पाव्हना यायचा म्हनल्यावर आंगन झाडत न्हाईस का तू?"

मी इंजिन बंद केलं. तोवर तळातला खडक दिसत होता.

सकाळपर्यंत झऱ्यांनी गुडघाभर पाणी जमवलं. नितळ, हिरवट, पावडरीच्या वासाचं. जीपमधून बाई उतरल्या. तिशी-पस्तिशीच्या असतील, पदर खोचलेला, हातात लाकडी पेटी. सोबत कार्यालयाचा शिपाई. आबांच्या सुनेने कठड्यापाशी रांगोळी काढली होती. बाईंनी रांगोळी ओलांडून आत वाकून बघितलं, मग चुना ओढलेल्या कठड्यावरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"आमीच," आबा म्हणाले. "बघा, तळ दिसतोय."

"आबा, पाहुणी म्हणून आले असते तर ओंजळीने प्याले असते. पण तुम्ही ताप बघायला डॉक्टर बोलावला आणि त्याआधी रोग्याला बर्फात बसवलं."

आबांना ते स्तुतीसारखं वाटलं असावं. ते समाधानाने हसले.

बाईंनी पेटीतून रुंद तोंडाची काचेची बाटली काढली. विहिरीवरची बादली त्यांनी वापरू दिली नाही. बाटलीला वजन आणि दोरी बांधून ती स्वतःच्या हाताने सोडली. वर आल्यावर आबा म्हणाले, "इसळून तरी घ्या, बाई. पैलं पानी टाकायचं आसतं."

"ह्या तपासणीत नाही, आबा. तेल असलं तर ते काचेला चिकटतं. विसळलं तर टाकलेल्या पाण्याचं तेलही बाटलीत राहतं आणि आकडा खोटा येतो."

त्यांनी त्यात आम्लाचे थेंब टाकले, बूच लावलं, चिठ्ठी डकवली. मी विचारलं, "ह्यात काय येईल?"

"बहुतेक काही नाही."

"मग नमुना घेता कशाला?"

"अर्ज पाण्याचा आहे. आले तर पाणी न्यायलाच हवं."

"परत कधी याल?"

"तेल परत येईल. जिथून येतंय तिथून ते यायचं थांबलेलं नाही. पण माझी इकडची पुढची फेरी पावसाळ्यानंतर आहे."

पावसाळ्यानंतर कॅन्टीनच्या गेटवर दुसऱ्याची सायकल उभी राहिली असती. मी सरळ त्यांच्या वाटेत उभा राहिलो. "बाई, पाण्याला अंघोळ घातली. मातीला अजून कोणी घातलेली नाही. माती बघा."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. "मातीवरून तेल कुठून येतंय तेही कळेल. कदाचित तुम्हाला नको असेल तेही कळेल. चालेल?"

"चालेल."

"मग दुसरा अर्ज लिहा. आणि जमीन ज्यांची, त्यांची सही लागेल."

आबांचा चेहरा उतरला. "हीर झाली, आता रानाला भोकं पाडनार?"

आबांना मनवायला वेळ नव्हता, म्हणून सौदाच केला. म्हणालो, "आबा, तेल माझ्या इंजिनाचं निघालं तर इंजिन उचलतो आणि ह्याच हंगामात तुमचं रान सोडतो. हे सगळ्यांसमोर सांगतोय."

बायको हौदापाशी उभी होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आबांनी सही केली. गडबड ऐकून शेठही भिंतीपलीकडे खुर्ची ठेवून तिच्यावर उभा राहिला होता. त्याचं डोकं तेवढं दिसत होतं.

शिपायाने पहारीने जमीन पोखरायची आणि बाईंनी लांब दांड्याचं गिरमिट फिरवून आतली माती वर काढायची, असं काम चाललं. पहिलं भोक त्यांनी माझ्या इंजिनाशेजारी घेतलं. वरची माती काळी, चिकट निघाली. बोटांत चोळली तर बोटं तेलकट. वास सगळ्यांना आला.

"भाजीशेठ," भिंतीवरून आवाज आला, "सामान बांधायला घ्या."

बाई मात्र थांबल्या नाहीत. कमरेइतकं खोल गेल्यावर तांबूस मुरूम वर आला. त्यांनी तो हुंगला आणि माझ्यापुढे धरला. ओल्या मुरुमाचा वास, दुसरं काही नाही.

दुसरं भोक भिंतीलगत. तिथे वर हरळी हिरवीगार होती, माती स्वच्छ. शेठ म्हणाला, "बघा, गवत कसं जोरात आहे." गिरमिट खाली गेलं. मुरूम तांबूस निघायच्या जागी राखेच्या रंगाचा निघाला, आणि असा भपकारा आला की आबांनी उपरणं नाकाला लावलं. तिसरं भोक भिंत आणि विहिरीच्या मधे. तिथेही तसंच, वर चांगलं, खाली वाईट, वास जरा कमी.

बाईंनी प्रत्येक भोकातली चिमूटभर खोल माती टीपकागदावर ठेवून कागद उन्हात पसरले. ओल उडून गेली. इंजिनाकडचा कागद कोरडा झाला. भिंतीकडच्या कागदावर भज्याखालच्या कागदावर राहतो तसा डाग राहिला.

"वरून सांडलेलं तेल वर जास्त असतं," त्या आबांना समजावत होत्या. "इंजिन गळतंय, ते दुरुस्त करा. पण ते खाली पोचलेलं नाही. भिंतीकडचं तेल वरून आलेलंच नाही. ते जमिनीच्या पोटातून येतंय आणि विहिरीकडे चाललंय. नक्की काय ते लॅब सांगेल."

माती त्यांनी झाकणाच्या बाटल्यांत भरली. उपसलेल्या गाळातलाही थोडा घेतला, पण म्हणाल्या, याने तेल होतं एवढं कळेल, कोणाचं ते नाही. जीप गेल्यावर बघितलं तर शेठची खुर्ची रिकामी होती.

काही दिवसांनी दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं, पाण्याच्या नमुन्यात तेल आढळलं नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं, भिंतीलगतच्या खोल मातीत डिझेलच्या जातीचं तेल आहे, विहिरीकडच्या मातीत त्याहून कमी आहे, आणि इंजिनाकडच्या खोल मातीत नाही.

शेठकडे दोन्हींच्या नकला पोचल्या होत्या. मी गेलो तेव्हा त्याने पहिली हातात धरली. "सौदा पाण्याचा झाला होता, भाजीशेठ. टाळी आठवते ना? ओट्यावरून उतरा."

शब्दाला शब्द लावला तर तो खरा होता. चाकणच्या बाजारात मीसुद्धा असाच कोणाला तरी ओट्यावरून उतरवला असता. घरून निघताना काय काय बोलायचं ते मी ठरवून आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला गप्प बसणं जमलं. यार्डात एक ड्रायव्हर ट्रकखाली काम करत होता, त्याच्याकडे बघत बसलो. शेठ वाट बघून कंटाळला.

"आता काय?"

"काही नाही. तुमच्या माणसांचं वाईट वाटतंय. डिझेल ते चोरत नव्हते, जमीन पीत होती. अजून पितीय."

ट्रकखालचा पाना थांबला. शेठने दुसरा कागद उचलला आणि पुन्हा वाचला. आधी वाचला असेल तो माझा खटला म्हणून. आता त्याने तो स्वतःच्या डिझेलचा म्हणून वाचला. मग दिवाणजीला हाक मारून सांगितलं, गुरुवारी एकाही ट्रकमध्ये भरायचं नाही, सकाळी टाकीत माप-काठी घालायची आणि संध्याकाळी परत घालायची.

गुरुवारी संध्याकाळी काठीवरची ओल सकाळच्या खुणेच्या खाली होती. झाकणाचं कुलूप जसंच्या तसं.

टाकी उकरली तेव्हा मी भिंतीवरून बघत होतो. बुडाची सांध गंजून सुटली होती. नवी टाकी यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या चौथऱ्यावर बसली. भिंतीला भोक पाडून नळाची लाइन माझ्या हौदात आली. शेठ स्वतः उभा राहून म्हणाला, "हे सौद्याचं नाही हं. सौदा मी जिंकलोय. हे शेजारधर्माचं." मी म्हटलं, पाणी सोडा. ज्या ड्रायव्हरांना त्याने चोर ठरवलं होतं त्यांना तो काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

विहिरीवर आठवड्यातच पुन्हा रंग आले होते. मी जुने वाफे मोडले, माती उन्हात तापू दिली आणि लांबच्या कडेला नळाच्या पाण्यावर नवी कोथिंबीर टाकली. मे महिन्याच्या अखेरीला ती आचाऱ्याकडे नेली. त्याने हुंगली, पहारेकऱ्याला बोलावलं, त्याला हुंगवली. मग चिरायला घेतली. माझं कॅन्टीन राहिलं.

पण माझा राग शेठवर नाही. तो धंदा करत होता, मीही करत होतो. राग आबांवर आहे आणि तो अजून आहे.

पहिला कागद आबांच्या नावाने आला होता. त्यांनी तो काचेत बसवून घेतला आणि सोप्यात देवांच्या तसबिरींशेजारी लावला. येईल त्याला दाखवायचे. "सरकारनं लिवून दिलंय. आमच्या हिरीच्या पान्यात काय बी न्हाई." दुसरा कागदही त्यांच्याच नावाने आला होता, तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. मग गावात बोललं जाऊ लागलं की खंडकऱ्याने घराण्याची विहीर बदनाम केली, सरकारने त्याला खोटं पाडलं. चावडीवर मला ऐकवायचे, "काय राव, आज कुठल्या हिरीत त्याल सापडलं?" मी भांडलो, दोनदा हातघाईवर आलो. आबांनी एक वाक्य बोलायचं होतं. रानात भोकं पडताना उपरणं नाकाला त्यांनीच लावलं होतं. ते वाक्य ते बोलले नाहीत.

मात्र त्याच पावसाळ्यापासून त्यांची सून रोज सकाळी माझ्या नळावर घागर घेऊन यायला लागली. पदराआड धरून, गावातल्या बायका उठायच्या आधी. माझी बायको घागर भरून द्यायची आणि दोघी विहिरीबद्दल एक अक्षर काढायच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, विचार ना तिला, विहिरीचं का नेत नाही. बायको म्हणाली, "विचारलं तर ती यायची बंद होईल आणि म्हातारा तेल पिईल. चालेल?"

ऐंशी सालानंतर एकदा खंडाचं बोलायला आबांकडे गेलो होतो. आबा थकले होते. त्यांच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. आबांनी मलाही बसवून घेतलं. पाहुण्यांना भिंतीवरचा कागद दाखवला, वडिलांनी विहीर कशी बांधली ते सांगितलं, आणि सुनेला हाक मारली, "पाव्हन्यास्नी आपल्या हिरीचं पानी आन."

सुनेने तांब्या-भांडं आणलं. पहिल्यांदा पाहुण्यांना दिलं, मग माझ्यापुढे धरलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आबा मात्र बघत होते, भांडं माझ्या ओठाला लागेपर्यंत.

त्या पाण्याची चव मला ओळखू येत नाही असं कसं होईल. सकाळी माझ्याच नळावर भरलेलं होतं. पाहुणे म्हणाले, वा, गोड आहे.

मी भांडं रिकामं केलं आणि खाली ठेवलं. "गोड आहे," मीही म्हणालो. आबांनी मान वळवली आणि पाहुण्यांशी पुढचं बोलायला लागले.